चार चाके, चार माणसे आणि महिन्याचा हिशोब

एके काळी आपल्या वस्तीत चारचाकी गाडी शिरली की मुले तिच्यामागे धावत सुटत. गाडी म्हणजे डॉक्टरची, साहेबाची, नाहीतर निवडणुकीच्या दिवसांत मते मागायला आलेल्या पुढाऱ्याची! आपल्या माणसाची गाडीशी ओळख असे ती बहुधा ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजमधला पोऱ्या किंवा भल्या पहाटे दुसऱ्याच्या गाड्या धुणारा म्हणून. आज त्याच वस्तीच्या तोंडाशी दोन-चार गाड्या उभ्या दिसतात. कुणाची जुनी आल्टो, कुणाची वॅगन आर, कुणाची शाळेची मुले नेणारी इको. रेल्वेतला खलाशी, एसटीचा वाहक, पालिकेचा सफाई कामगार, रुग्णालयातील परिचारिका, गिरणी बंद पडल्यावर टॅक्सीचे स्टीअरिंग धरलेला कामगार, अशा घरांतल्या या गाड्या आहेत.

जाहिरातींत ज्या गाड्यांचा गाजावाजा होतो त्या वेगाच्या आणि डौलाच्या असतात. रस्त्यावर मात्र अजूनही ठायी ठायी दिसतात त्या साध्या गाड्या. त्या घेणाऱ्या माणसाला वेगाशी फारसे देणेघेणे नसते. तो चार प्रश्न विचारतो. किती पडते? ॲव्हरेज किती? गॅरेजवाला काय म्हणतो? आणि उद्या विकायची वेळ आली तर किती येतील? या चार प्रश्नांच्या आड एक पाचवा प्रश्न दडलेला असतो, पण तो कुणी मोठ्याने विचारत नाही. तो म्हणजे, लोक काय म्हणतील? वाचकहो, आज या पाचही प्रश्नांचा जरा शांतपणे विचार करू या.

रांगेत उभी राहिलेली पिढी

स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षे आपल्या देशात गाडी निवडण्याचा प्रश्नच फारसा नव्हता. गाड्या मुख्यतः दोनच. एक बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातील ॲम्बेसिडर आणि दुसरी आपल्या मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट. ही फियाट १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ या नावाने येऊ लागली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. त्यामुळे पैसे असले तरी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

कामगाराच्या घरात ही पद्मिनी आली ती मालकीची हौस म्हणून नव्हे, तर पोटाचे साधन म्हणून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर किती संसार उभे राहिले आणि किती मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, याची मोजदाद कुठल्याच कचेरीत नसेल. टॅक्सीवाल्याने पद्मिनी का धरून ठेवली याची कारणे साधी होती. पत्रा जाड, टपावर कॅरिअर, पुढे सलग बाक, गिअरचा दांडा स्टीअरिंगलगत आणि कुठल्याही नाक्यावरच्या मेस्त्रीला हाताखालून गेलेले इंजिन. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून कायमची गेली.

पगारदाराच्या आवाक्यातली पहिली गाडी

चित्र पालटले ते १४ डिसेंबर १९८३ रोजी. त्या दिवशी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. ती घेणारे गृहस्थ कुणी कारखानदार नव्हते. इंडियन एअरलाइन्समधील एक कर्मचारी होते आणि सोडतीत त्यांचे नाव निघाले होते. गाडीची किंमत होती पन्नास हजार रुपयांच्या आसपास. त्या काळच्या नोकरदारालाही ही रक्कम थोडी नव्हती, पण प्रॉव्हिडंट फंड, पतपेढी आणि घरातले किडूकमिडूक असा मेळ घालून ती गाठता येण्याजोगी होती.

या गाडीत होते तरी काय? ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे छोटे इंजिन. वजन जेमतेम साडेसहाशे किलो. बारा इंची चाके. वजन कमी म्हणून पेट्रोल कमी, इंजिन साधे म्हणून बिघाड कमी आणि बिघडलीच तरी दुरुस्ती स्वस्त. थोड्याच वर्षांत गावोगावच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये हीच गाडी आली. ज्या गाडीवर माणूस क्लच सोडायला शिकतो, तीच त्याला पुढे आपली वाटते. २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले तोपर्यंत देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या खपल्या होत्या.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साधी गाडी एकदा मोठ्या संख्येने खपली की तिची स्वस्ताई आपोआप वाढत जाते. प्रत्येक तालुक्याच्या गावी तिचे सुटे भाग मिळू लागतात. भाग मिळतात म्हणून मेस्त्री तयार होतात. मेस्त्री आहेत म्हणून जुनी गाडी घ्यायला गिऱ्हाईक मिळते. आणि जुनीला भाव आहे म्हणून नवी घेणारा निर्धास्त असतो. हे चक्र ज्या गाडीला साधले तीच सर्वसामान्यांची गाडी झाली. २००० साली आलेल्या आल्टोला ते साधले, १९९९ च्या अखेरीस आलेल्या वॅगन आरला साधले. म्हणूनच आपला माणूस शोरूममध्ये जाण्याआधी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जातो. त्याला अडाणीपणा म्हणू नये. तो पक्का व्यवहार आहे.

स्वस्त गाडी का चालली नाही?

मग कुणी म्हणेल, सर्वसामान्यांना स्वस्त तेच हवे. वास्तविक तसे असते तर नॅनो आज घरोघरी दिसली असती.

पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि मुले भिजत चाललेली पाहून रतन टाटा यांना या गाडीची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात नॅनो दाखवली गेली आणि ‘एक लाखाची गाडी’ म्हणून जगभर तिचे नाव झाले. २००९ च्या मार्चमध्ये ती बाजारात आली. मागच्या बाजूला ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, आत चार माणसे ऐसपैस बसतील एवढी जागा. गुजरातमधील साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याच्या तयारीने उभारला होता. प्रत्यक्षात २०१८ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा सगळ्या वर्षांचा मिळून आकडाही तीन लाखांवर गेला नव्हता.

कारणे अनेक सांगितली जातात. पश्चिम बंगालमधील सिंगूरहून कारखाना हलवण्यात वेळ गेला, पहिल्या काळात काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या, सुरुवातीच्या गाड्यांना मागून उघडणारी डिकी नव्हती. पण सर्वांत मोठे कारण लोकांच्या मनातले होते. ती ‘जगातील सर्वांत स्वस्त गाडी’ म्हणून ओळखली गेली. त्या ओळखीने गाडीचे नुकसान झाले, हे पुढे स्वतः रतन टाटांनीही बोलून दाखवले.

जो माणूस पंधरा वर्षे पै-पै साठवून दारात गाडी आणतो, त्याला त्या गाडीने आपली गरिबी साऱ्या गल्लीला सांगितलेली नको असते. त्याने नव्या नॅनोऐवजी आठ वर्षे वापरलेली आल्टो घेतली. हिशोबाच्या वहीत हा व्यवहार चुकीचा दिसेल. माणसाच्या मनात डोकावले तर तो बरोबर वाटेल.

वाहन आणि मान

वाहनाचा आणि मानाचा हा संबंध आपल्याला कुणी वेगळा शिकवायला नको. १९०१ साली लहानगे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले तेव्हा कुठे ती पोरे मार्गाला लागली. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये लिहून ठेवला आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना पैसे मोजूनही गाडीत जागा मिळत नव्हती, त्यांच्या नातवाने स्वतःच्या गाडीचे दार उघडून आईला पुढच्या सीटवर बसवावे, यात नुसती सोय नाही. त्यात बरेच काही आहे.

म्हणून ‘मान’ ही गाडी घेण्याची खोटी कारणे देणाऱ्यांच्या यादीत टाकू नये. मात्र मान आणि बडेजाव यांत फरक आहे. मान म्हणजे आपली गरज आपल्या कमाईतून, कुणापुढे हात न पसरता भागवणे. बडेजाव म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली गाडी वीतभर लांब असावी म्हणून दोन वर्षे जादा हप्ते भरणे. पहिल्यासाठी साधी गाडी पुरते. दुसऱ्याला कुठलीच पुरत नाही.

जशी गरज तशी गाडी

साधी गाडी म्हणजे सगळीकडे एकच गाडी असे नव्हे. गावाकडे वेगळा हिशोब असतो. तिथे रस्ता खडबडीत, माणसे जास्त आणि सोबत धान्याचे पोते किंवा खताची गोणी. म्हणून तिथे अनेक वर्षे महिंद्राच्या जीपगाड्या चालल्या. कुठे त्यांना वडाप म्हणतात, कुठे काळी-पिवळी. १९९४ साली टाटांची सुमो आली. टेल्कोचे प्रमुख राहिलेले सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून तिचे नाव पडले. पुढे २००० साली आलेली बोलेरो नाशिकच्या कारखान्यातून खेड्यापाड्यांत पोहोचली. ट्रकासारखी भक्कम चौकट, मागच्या चाकांना जोर आणि मागे समोरासमोर बसायची बाके, हे तिचे गुण. शहरी माणूस तिला ओबडधोबड म्हणेल, पण पावसाळ्यात चिखलातून बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची असेल तर तोच ओबडधोबडपणा कामी येतो.

ज्याला गाडीवरच पोट भरायचे आहे त्याचा हिशोब आणखी वेगळा. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी झाली. सरकत्या दारांची ही पेटीसारखी गाडी सकाळी शाळेची मुले, दुपारी भाजीचे क्रेट आणि रात्री लग्नाचे मंडप-सामान वाहू लागली. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि तिची जागा २०१० साली आलेल्या इकोने आधीच घेतली होती.

आणि शहरातल्या कुटुंबासाठी? येथे वॅगन आरचे उदाहरण पाहा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सर्वांत जास्त खपलेली प्रवासी गाडी हीच. तिला देखणी म्हणणारे थोडे. पण छत उंच आणि आसन उंच. गुडघे धरलेल्या आजीला खाली वाकावे लागत नाही, नऊवारी किंवा साडीतली बाई सहज चढते-उतरते, आणि उंच बसल्यामुळे नव्याने गाडी शिकणाऱ्याला बोनेटपुढचा रस्ता नीट दिसतो. घरातील सुना-लेकींनीही गाडी चालवायला शिकावे असे वाटत असेल तर हा मुद्दा लहान नाही. गाडी पसंत करायला जाताना एकट्या पुरुषमाणसाने जाऊ नये. आईला मागे बसवून पाहावे, बायकोने स्टीअरिंग धरून पाहावे. गाडी घरातील सर्वांची आहे.

आता वारे थोडे बदलले आहे हेही खरे. अलीकडच्या वर्षांत नव्याने खपणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक उंच बांध्याच्या, एसयूव्ही म्हणवणाऱ्या गाड्या असतात. २०२४ या वर्षात तर सुमारे चार दशकांनंतर प्रथमच मारुतीखेरीज दुसरी गाडी, टाटांची पंच, खपात पहिली आली. खड्ड्यांचे रस्ते आणि मजबुतीची ओढ ही त्यामागची कारणे आहेतच. पण हप्त्याची मुदत लांबवून मोठी गाडी माथी मारणारे सेल्समनही आहेत. म्हणून आता वहीपेन्सिल काढू.

पेट्रोल की सीएनजी? त्रैराशिक मांडा

आपल्याकडे सगळ्यांत जास्त वाद होतो तो या प्रश्नावर. उत्तर सोपे आहे. ते गाडीत नाही, आपण किती फिरणार यात आहे.

समजा, पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरले. कंपनी सांगते तो ॲव्हरेज मोकळ्या परीक्षेतला असतो, तेव्हा शहरी गर्दीत पेट्रोलला लिटरमागे १८ किलोमीटर आणि सीएनजीला किलोमागे २५ किलोमीटर धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ५ रुपये ८० पैसे आणि सीएनजीचा ३ रुपये २० पैसे येतो. म्हणजे किलोमीटरमागे २ रुपये ६० पैशांची बचत. सीएनजी गाडीला सुरुवातीला ९० हजार रुपये जास्त पडले असे समजा. ते वसूल व्हायला सुमारे ३५ हजार किलोमीटर धावावे लागेल.

महिन्याला दीड हजार किलोमीटर धावणाऱ्या शाळेच्या व्हॅनला हे पैसे दोन वर्षांच्या आत सुटतील. पण ज्याची गाडी रविवारी आणि सणावाराला मिळून महिन्याला चारशेच किलोमीटर फिरते, त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागेल! शिवाय बहुतेक सीएनजी गाड्यांत सिलिंडरने डिकी खाल्लेली असते. गावी जाताना बोचकी कुठे ठेवायची? दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी करून घ्यावी लागते, ती वेगळी. तेव्हा धंद्याच्या गाडीला सीएनजी आणि थोड्या वापराच्या घरच्या गाडीला पेट्रोल, हा ढोबळ नियम. आकडे आपल्या गावचे घालून हेच गणित पुन्हा मांडावे.

हप्ता दिसतो, व्याज दिसत नाही

दुसरे गणित कर्जाचे. समजा, चार लाखांचे कर्ज साडेनऊ टक्के दराने घेतले. पाच वर्षांची मुदत घेतली तर हप्ता येतो सुमारे ८,४०० रुपये आणि एकूण व्याज जाते सुमारे १ लाख ४ हजार. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता उतरून सुमारे ६,५४० रुपये होतो, पण व्याज जाते सुमारे १ लाख ४९ हजार. म्हणजे ४५ हजार रुपये अधिक. एवढ्यात मुलाची एका वर्षाची कॉलेजची फी निघते. सेल्समन ‘हप्ता फक्त साडेसहा हजार’ एवढेच सांगतो. व्याजाचा आकडा आपण विचारायचा असतो.

आणि खर्च हप्त्यापाशी थांबत नाही. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला पेट्रोल सुमारे २,३०० रुपये. वर्षाचा विमा १५ हजार धरला तर महिन्याला १,२५०. सर्व्हिसिंगचे वर्षाला ८ हजार म्हणजे महिन्याला सुमारे ६७०. टायर आणि बॅटरीसाठी बाजूला टाकायचे ५००. हे झाले सुमारे ४,७०० रुपये. त्यात पाच वर्षांचा हप्ता मिळवला की १३ हजारांच्या वर आकडा जातो. घरभाडे, किराणा, शिक्षण आणि औषधपाणी भागल्यावर एवढी रक्कम दर महिन्याला मोकळी राहते का, हे पाहून मगच शोरूमची पायरी चढावी. एवढ्या पैशांत महिनाभर रिक्षा-टॅक्सी करूनही काही उरेल, असे कुणी म्हणेल आणि ते खोटे नाही. पण मध्यरात्री वडिलांच्या छातीत दुखू लागल्यावर रिक्षा मिळेलच असे नसते. गाडीची खरी किंमत अशा रात्री कळते. म्हणून प्रश्न गाडी घ्यावी की नाही एवढाच नाही, तर केवढी घ्यावी हा आहे.

लहान गाडीच्या बाजूने कायद्यातल्या दोन गोष्टीही आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर अधिभार. दुसरी गोष्ट विम्याची. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १००० सीसीपर्यंतच्या गाडीचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला २,०९४ रुपये होता आणि त्यावरच्या, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीचा ३,४१६ रुपये. आल्टो के-१० आणि छोट्या वॅगन आरचे इंजिन ९९८ सीसीचे असते. दोन सीसीने केवढा फरक पडतो पाहा!

जुनी गाडी घेताना

आपल्यापैकी बहुतेकांची पहिली गाडी सेकंड हँडच असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. एकाने नवीपणाची किंमत मोजलेली असते, आपण उपयोगाची मोजतो. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावी.

आपला मेस्त्री सोबत न्यावा. इंजिन थंड असताना चालू करून पाहावे, कारण गरम करून ठेवलेले इंजिन आपले दुखणे लपवते. पत्र्याखालचा गंज, दारांच्या कडांवरचा निराळा रंग, एकाच बाजूने झिजलेले टायर, एवढ्यावरून गाडीचा इतिहास कळतो. कागद त्याहून महत्त्वाचे. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. थकलेले चलन आहे का ते पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही पाहावे. पंधरा वर्षे होत आलेली गाडी स्वस्त मिळते, पण तिची नोंदणी पुन्हा करावी लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आहे. पर्यावरण कर आणि योग्यता तपासणीचा खर्च निराळा.

नुसत्या विश्वासावर, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, कागद न करता गाडी घेणारे आजही पुष्कळ आहेत. उद्या त्या गाडीने अपघात केला तर कागदावर ज्याचे नाव त्याला कचेरीचे खेटे आणि ज्याच्या ताब्यात गाडी त्याला पोलीस ठाण्याचे! मैत्री मैत्रीच्या जागी, सही सहीच्या जागी.

जिवाचा हिशोब

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. साध्या गाडीवर एक आक्षेप खरा होता. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या. त्यांत आल्टो ८०० होती, नॅनोही होती. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारा मिळाला. ज्या घराचा कर्ता एकच, त्या घराला हा शून्य सर्वांत महाग पडतो.

त्यानंतर मात्र कायदा हलला. २०१९ मध्ये चालकाची एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, तर २०२१ मध्ये पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून देशाची स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली. २०२५ मध्ये मारुतीने आल्टो के-१०, वॅगन आर, सेलेरिओ आणि इको या गाड्यांत सहा एअरबॅग सरसकट देण्यास सुरुवात केली. जी सोय पूर्वी धनिकांच्या गाडीत होती, ती आता साध्या गाडीत आली. म्हणून जुनी गाडी घेतानाही २०१९ नंतरची मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन ती घ्यावी. म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर आणि चकचकीत व्हीलकॅप यांचे पैसे त्यातून वळवता येतील.

आणि ज्याला एक पैसाही जादा पडत नाही तो सीटबेल्ट! पुढच्यांनी लावायचा आणि मागच्यांनीही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी अत्यंत महागडी होती. ते मागे बसले होते आणि पोलिसांच्या तपासानुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. लाखो रुपयांच्या गाडीला जे जमले नाही ते आपल्या जुन्या आल्टोतला साधा पट्टा करू शकतो. पाच जणांच्या गाडीत आठ जणांना कोंबून लग्नाला निघण्याची आपली सवयही आता सोडली पाहिजे. उरलेल्या तिघांना एसटीने पाठवण्यात कुणाचा अपमान होत नाही.

बंधू-भगिनींनो, गाडी घेणे हा गुन्हा नाही आणि न घेणे हा कमीपणा नाही. ज्यांना गरज नाही त्यांनी ते पैसे मुलांच्या शिक्षणाकडे वळवावेत, त्यांची मुले पुढे स्वतःच्या गाडीतून फिरवतील. ज्यांना गरज आहे त्यांनी घरातील सर्वांना एकत्र बसवून, कागदावर आकडे मांडून, आपल्या कमाईला झेपेल अशी साधी, मजबूत आणि सुरक्षित गाडी घ्यावी. हप्ता वेळेवर भरलेला, विमा चालू असलेला, पट्टा लावलेला आणि कागद नावावर असलेला माणूस छोट्या गाडीतूनही ताठ मानेने जातो. नाक्यावर हवालदाराने हात केला तर तो बिनधास्त काच खाली करतो.